गाळ काढला तरी दोन-तीन पावसाळ्यांत तलाव परत भरतो: कुठं बघायचं, काय करायचं

बऱ्याच गावांत तक्रार एकच, फक्त तलावाचं नाव वेगळं. उन्हाळ्यात पोकलेन येतं, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. पहिल्या वर्षी पाणी झकास टिकतं, दुसऱ्या वर्षी जरा कमी, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बघावं तर ओढा जिथं तलावात शिरतो तिथं गाळाची जीभ पुढं आलेली, तिच्यावर बेशरम माजलेली आणि डिसेंबर-जानेवारीतच अर्धा तळ उघडा पडून भेगाळलेला. मग ग्रामसभेत परत तोच ठराव, गाळ काढा. आता गाळ काढायला विरोध नाहीच, काढलाच पाहिजे, पण तो येतोय कुठून हे न बघता काढत बसलं तर दर चार वर्षांनी डिझेल जाळायचा कार्यक्रम होतो, बाकी काही नाही.

मुद्दा असा आहे की वरच्या पाणलोटातून सगळीकडून सारखी माती येत नाही. थोड्याच जागा असतात ज्या बहुतेक गाळ पाठवतात, कुठं एखादी घळ, कुठं रस्त्याची मोरी, कुठं पाच-सात एकराचं उघडं रान. त्या जागा सापडल्या की पुढचं काम बरंच सोपं आणि स्वस्त होतं, आणि नाही सापडल्या तर लाखो रुपयांचे चर भलत्याच डोंगराला खणले जातात.

मी इथं मुख्यतः पठारावरचे पाझर तलाव, गावतळी आणि त्यांच्या काठची पाणथळ जागा धरून लिहितोय, म्हणजे नगर, सोलापूर, बीड, धाराशिव, सांगली-साताऱ्याचा पूर्वेकडचा भाग. यातले कित्येक तलाव १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेले आहेत, त्यांचं वय झालंय. कोकणातल्या खाड्यांचं गणित वेगळं, तिथं भरती-ओहोटी पण गाळ इकडून तिकडं करते, ते यात धरलेलं नाही.

आधी गाळालाच विचारा

मे महिन्यात तळ कोरडा असताना तीन ठिकाणी कंबरेएवढे खड्डे घ्या. एक ओढ्याच्या तोंडाशी, एक मधोमध, एक पाळीच्या बाजूला (पण पाळीपासून लांब, पायथ्याशी नाही). खड्ड्याची एक बाजू फावड्यानं साफ तासून घ्या म्हणजे थर दिसतात. पाणी जोरात आलं की आधी जाड वाळू-मुरूम बसतो आणि मग पाणी शांत झालं की वरून बारीक माती बसते, त्यामुळे मोठ्या पुराची जाड-बारीक अशी जोडी बऱ्याचदा स्पष्ट दिसते. मागच्या वेळी पोकलेननं जिथपर्यंत खोदलं होतं तो कडक तळ सापडला तर फारच उत्तम, त्याच्यावर किती फूट गाळ बसलाय आणि मधे किती पावसाळे गेले हे कळलं की वर्षाला साधारण किती भरतंय ते निघतं.

आता नुसतं मोजू नका, प्रकार बघा. ओढ्याच्या तोंडाशी जाड वाळू, खडे, मुरूम असा भरड माल जास्त असेल तर दोष बहुतेक घळीचा, नाल्याच्या ढासळणाऱ्या काठांचा किंवा रस्त्याच्या कामाचा असतो, कारण शेतातून अलगद वाहणारं पाणी खडे उचलू शकत नाही. पाळीच्या बाजूला काळा चिकट मऊ गाळ फुटाफुटानं बसला असेल तर तो काळ्या रानांतून येतोय, म्हणजे सालकाढी धूप, जी डोळ्याला दिसतच नाही, पातळ साल निघावी तशी माती जाते आणि शेतकऱ्याला वाटतं आपलं रान आहे तसंच आहे. लालसर किंवा पिवळट थर दिसला तर माळरान, मुरमाची खाण, नवीन पाडलेलं प्लॉटिंग यापैकी कुठंतरी बघा.

एक साधी चाचणी आहे. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश गाळ, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एक-दोन मिनिटांत खाली बसते, पोयटा पुढच्या काही तासांत बसतो, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. ही गोष्ट पुढं उपाय ठरवताना लागते, कारण जो माल मिनिटात बसतो तो छोट्या दगडी बांधानं अडतो, पण जो दिवसभर बसत नाही तो बांधावरून आरामात उडी मारून तलावात येणार, त्याला शेतातच थांबवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

थोडं गणित पण करून बघा, डोळे उघडतात. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, त्यावरची फक्त १ मिलिमीटर माती गेली तरी ती १० घनमीटर होते. पाणलोट ३०० हेक्टरचा असेल तर १ मिलिमीटरला ३,००० घनमीटर, म्हणजे हजारापेक्षा जास्त ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो असं धरलं तर हजारभर ट्रॉल्या. आता निघालेली सगळी माती तलावापर्यंत पोचत नाही, बरीचशी मधेच बांधाला, खोलगटात, झुडपांत अडकते, पण तिचा तिसरा हिस्सा आला तरी साडेतीनशे ट्रॉल्या झाल्या, आणि एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या आसपास, कुणाला कळणार पण नाही.

पहिल्या मोठ्या पावसात बाटल्या घेऊन फिरा

हे काम बहुतेक लोक करत नाहीत आणि हेच सगळ्यात उपयोगी आहे. जूनमधला पहिला दणका पाऊस, जेव्हा रानं नांगरून-वखरून उघडी पडलेली असतात आणि पीक अजून वर आलेलं नसतं, तेव्हा वर्षाच्या गाळातला मोठा वाटा येऊन जातो. ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस पडला तरी पाणी तेवढं गढूळ नसतं, कारण तोपर्यंत जमिनीवर पालवी असते.

तर पाऊस जरा ओसरला की तलावापासून ओढ्यानं वर चालत निघा. जिथं दोन ओहोळ मिळतात तिथं दोन्हीकडचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, बाटलीवर मार्करनं जागा लिहा, मोबाईलमध्ये फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा. एकसारख्या बाटल्या घ्या, म्हणजे बिसलेरीच्या एक लिटरच्या. घरी आणून रांगेत ठेवा आणि दोन दिवसांनी कुणाच्या तळाशी किती बोटं गाळ बसला ते बघा. ज्या फांदीची बाटली सगळ्यात गढूळ त्या फांदीनं पुढच्या पावसात अजून वर जायचं, परत मिळणीवर दोन बाटल्या. असं करत करत तुम्ही थेट त्या रानाच्या किंवा मोरीच्या तोंडाशी जाऊन उभे राहता. फक्त एक लक्षात ठेवा की गढूळपणा आणि पाण्याचं प्रमाण दोन्ही बघायचं, एखादा ओहोळ चहासारखा दिसतो पण बोटाएवढा वाहतो, त्याच्या मागं लागू नका. आणि विजा कडाडत असताना, पूर चढत असताना हे करू नका. बाटली लांब काठीला बांधून काठावरूनच भरा.

यात गावातल्या गुराख्यांना, मेंढपाळांना बरोबर घेतलं तर अर्धे पावसाळे वाचतात. कुठल्या ओघळीत यंदा बैल उतरत नाही, कुठली घळ दोन वर्षांत किती पुढं सरकली हे त्यांना पाठ असतं. इंजिनियर लोक नकाशा घेऊन येतात, पण नकाशात ती घळ नसते कारण ती नकाशानंतर पडलेली असते.

बहुतेक वेळा काय सापडतं

सगळ्यात जास्त सापडते ती रस्त्याची मोरी. आधी डांबरी रस्ता नव्हता तेव्हा पाणी पन्नास ठिकाणांहून पसरून उतरायचं. रस्ता उंच झाला, त्याच्या कडेची चारी सगळं पाणी गोळा करते आणि एका नळाच्या मोरीतून दुसऱ्या बाजूला फेकते. खाली शेत असो नाहीतर माळ, तिथं दोन-तीन वर्षांत घळ पडते. वेगाचा खेळ फार भयंकर आहे, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचं वजन दुपटीनं नाही तर हिशोबानं ६४ पटीपर्यंत वाढतं, म्हणून काल जिथं वाळू सरकत होती तिथं आज धोंडे जातात. मोरी सापडली की तिच्या खालच्या तोंडाशी मोठ्या दगडांची पिचिंग, दगड एकमेकांत घट्ट बसवलेले, आणि पुढं पाणी पसरेल अशी रचना, एवढं झालं तरी खूप. त्यासाठी बांधकाम खात्याकडं अर्ज करावा लागतो आणि तो लवकर हलत नाही हे माहितीये, तरी फोटो जोडून कराच.

दुसरं म्हणजे नाला खोलीकरण. जलयुक्त शिवारच्या काळात आणि नंतरही बऱ्याच ठिकाणी नाले सरळ, खोल आणि उभ्या काठांचे करून ठेवले, निघालेली माती दोन्ही काठांवर ढिगारे घालून सोडली. उभा काठ पहिल्या पुरात ढासळतो आणि वरचा ढिगारा तर पाण्याला आमंत्रण. बरं नाला सरळ केला की पाणी जास्त जोरात जातं, म्हणजे तळ अजून खरवडतं. उपाय साधा आहे पण कंटाळवाणा: ढिगारे पसरवून बांधावर नेऊन टाका, काठांना उतार द्या, त्यावर निरगुडी, वाळा, मारवेल असलं काहीतरी चिवट लावा. घायपात पण चालतं.

तिसरं जरा नाजूक प्रकरण आहे कारण त्यात आपलेच लोक असतात. तलावातला गाळ शेतकऱ्यांनी नेला आणि तो वरच्याच बाजूच्या हलक्या, उताराच्या रानात पसरला, बांध न घालता. गाळ मोकळा, भुसभुशीत, पहिल्या पावसात निम्मा परत घरी. हे मी बोलतो तेव्हा लोक हसतात, पण वरच्या रानात जाऊन बघा, कुठं गाळ टाकला होता ते ऑगस्टमध्ये ओळखू पण येत नाही. आणि ज्यांनी नेला नाही त्यांच्यासाठी काठावर ढीग लावून ठेवला असेल तर विषयच संपला.

चौथं म्हणजे रब्बीची काळी रानं. सोलापूर-बार्शी-मंगळवेढा पट्ट्यात खोल काळ्या जमिनीत शाळू (रब्बीची ज्वारी) सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात आणि तोवर रान मोकळं ठेवून वखराच्या पाळ्या घालतात, म्हणजे अख्खा पावसाळा जमीन उघडी. ओल साठवायला ही पद्धत पिढ्यांची आहे आणि तिच्यामागं शहाणपण आहे, पण उताराच्या दिशेनं वखर चालवला तर वखराची प्रत्येक रेघ ही पाण्याला पाट करून दिल्यासारखी. वखरणी-पेरणी उताराला आडवी हे पहिलं. मोठे चौकोन पाडून बांध घातले, ज्याला कृषी खातं कंपार्टमेंट बंडिंग म्हणतं, तर पाणी रानातच मुरतं आणि शाळूलाच फायदा. पाऊस वेळेवर आला तर मूग-उडीद घेऊन मग शाळू हे पण काही लोक करतात, जमीन झाकलेली राहते. बांधाला सांड (जादा पाणी बाहेर जायची वाट) मात्र दगडाची पक्की हवी, नाहीतर बांध फुटतो आणि साचलेलं सगळं पाणी एका जागी सुटून नवीन घळ पाडतं, जे बांध नसण्यापेक्षा वाईट.

मुरमाच्या खाणी, प्लॉटिंग, चरून चरून टक्कल पडलेलं गायरान हे पण सापडतं, त्यावर वेगळं सांगण्यासारखं फार नाही, उघडी जमीन झाकणे हाच उपाय.

एक जागा सगळे विसरतात, ती म्हणजे तलावाचाच काठ. पाणी मागं सरकलं की गाळपेर करतात, कलिंगड, काकडी, हरभरा, चारा. गाळपेर वाईट नाही, गरीब माणसाला तेवढंच, पण काठापर्यंत ट्रॅक्टरनं खोल नांगरट करून मे महिन्यात तसंच मोकळं सोडलं तर तो गाळ थेट तळात. काठाच्या बाजूला दहा-वीस फुटाचा गवताचा पट्टा न नांगरता सोडा एवढं जरी ठरलं तरी फरक दिसतो.

दुरुस्ती वरून खाली, उलट नाही

माथा ते पायथा हा शब्द आता घासून गुळगुळीत झालाय पण तो खरा आहे. खाली सिमेंट बंधारा आधी बांधला आणि वर काहीच नाही तर बंधारा दोन वर्षांत मातीनं काठोकाठ. राळेगणसिद्धी, हिवरेबाजारला लोक बंधारे बघायला जातात आणि फोटो काढून येतात, पण तिथं मूळ काम डोंगरावर झालंय, चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, गवत. ते फोटोत नीट येत नाही.

माळावर सलग समतल चर घ्यायचे, नेहमीचं माप दोन फूट रुंद एक फूट खोल, निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला. इथं सगळा खेळ समपातळीचा आहे. चर जराही तिरका गेला की तो चर राहत नाही, पाट होतो, पाणी एका टोकाला जाऊन फोडतं आणि तुम्ही हातानं घळ पाडून दिलेली असते. म्हणून हायड्रोमार्कर किंवा साधी लाकडी ए-फ्रेम लावल्याशिवाय कुदळ मारू नका, जेसीबीवाल्याच्या नजरेवर तर अजिबात नाही, तो म्हणतो "साहेब मला अंदाज आहे", नसतो. माती टाकलेल्या वरंब्यावर स्टायलो, पवना, मारवेल लगेच पेरा, मोकळी ठेवू नका.

घळीत अनघड दगडी बांध. यात तीन गोष्टी चुकतात. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खाली हवा म्हणजे पाणी मधूनच जाईल, सपाट केला तर पाणी कडेनं काठ कोरून निघून जातं आणि बांध बेटासारखा मधे उभा राहतो. दोन्ही बाजूंनी बांध काठात घुसवलेला हवा. आणि अंतर असं हवं की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला येईल, म्हणजे मधला पूर्ण तुकडा सांभाळला जातो. घळीचं डोकं, म्हणजे जिथून पाणी वरून धबधब्यासारखं पडतं ती जागा, ती दर पावसाळ्यात मागं सरकते आणि शेत खात जाते. तिथं आधी वरचं पाणी वळवा किंवा दगडांनी उतार करून द्या, नाहीतर खाली कितीही बांध घाला, डोकं चालूच राहतं. गॅबियन म्हणजे जाळीचे बांध मोठ्या नाल्यालाच, छोट्या ओघळीत गॅबियन म्हणजे फक्त बिल मोठं.

मग सगळ्यात शेवटी तलावाच्या तोंडाशी, ओढा आत शिरायच्या जरा आधी, एक रुंद उथळ खड्डा. पाणी तिथं पसरतं, मंदावतं, भरड माल तिथंच बसतो. उंबऱ्याबाहेर पायपुसणं टाकावं तसंच हे, पण पायपुसणं झटकलं तरच कामाचं. हा खड्डा दर उन्हाळ्यात रिकामा करावाच लागतो, आणि तो रस्त्याला लागून, ट्रॅक्टर जाईल अशा जागी घेतला तर लोक वाळूमिश्रित माती स्वतःहून उचलतात. (इथं तंटा होतो, वाळू विकायला कुणी तरी टपलेलं असतंच, तहसीलची परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवा.) विदर्भातल्या मामा तलावांच्या (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावांच्या) भागात, भंडारा-गोंदियाकडं, मोठ्या तलावाच्या वर बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, साखळी असायची, बराचसा गाळ वरच अडायचा आणि उन्हाळ्यात धानाच्या बांध्यांसाठी बैलगाडीनं उचलला जायचा. कोहळी लोकांनी, म्हणजे तिथल्या तलाव बांधणाऱ्या शेतकरी समाजानं, तलाव बांधताना हे सगळं एकत्र धरलेलं होतं. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ उचलणं कुणाचंच काम उरलं नाही.

पाणलोटावर काम केल्यानं खरंच फरक पडतो का असं विचारणाऱ्यांना मी चंदीगडचं उदाहरण देतो. सुखना तलाव १९५८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याला बांधला आणि थोड्याच वर्षांत गाळानं भरायला लागला. गाळ काढून काढून दमले, मग १९७० च्या दशकात मृदसंधारण संस्थेचे पी. आर. मिश्रा आणि त्यांची माणसं गाळाच्या मागं वर गेली, तर सुखोमाजरी नावाच्या गावाभोवतीच्या टेकड्या शेळ्या-गुरांनी उघड्या केलेल्या. गावाला नुसतं चराई बंद करा म्हणून कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून तिथं मातीचे छोटे बांध घालून शेतीला पाणी दिलं, भूमिहीनांना पण पाण्यात वाटा दिला, आणि बदल्यात गावानं स्वतःच टेकड्या राखल्या. गवत आलं, गाळ खूप कमी झाला. मला यातला महत्त्वाचा भाग बांध नाही, सौदा वाटतो. वरच्या लोकांना काय मिळणार हे ठरल्याशिवाय खालच्या लोकांचा तलाव वाचत नाही, आपल्याकडं वरची वाडी आणि खालचं गाव यांच्यात बोलणंच नसतं.

पण तिथलाच दुसरा भाग पण सांगायला हवा, पुढं काही वर्षांनी सुखनात पाणीच कमी येतंय अशी ओरड सुरू झाली आणि वरच्या बंधाऱ्यांकडं बोट दाखवलं गेलं. म्हणजे पाणलोटात दिसेल तिथं अडवत सुटलं की माती थांबते तसं पाणी पण थांबतं. पाणथळ जागेला पाणी पोचायला हवं, माती नको. म्हणून ओढ्यात मोठे साठे करण्यापेक्षा गवत, आडवी पेरणी, पाणी झिरपू देणारे दगडी बांध यावर जोर ठेवा.

सगळा गाळ शत्रू नाही

हे पक्षीवाले आणि शेतीवाले यांच्यातलं जुनं भांडण आहे. निफाडजवळचं नांदूर मधमेश्वर घ्या, गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधारा बांधला, त्यामागं वर्षानुवर्षं गाळ बसत गेला, बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती आल्या, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गाळ नसता तर ते पाणथळ झालंच नसतं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात ते पण उथळ चिखलासाठीच येतात. तेव्हा प्रश्न गाळ आहे की नाही हा नाही, तो किती वेगानं येतोय हा आहे. दहा वर्षांत बोटभर आला तर पाणथळ जुळवून घेते, दोन वर्षांत हातभर आला तर बी, गोगलगाई, बेडकांची अंडी सगळं गाडलं जातं.

म्हणून काढायचाच तर अख्खा तलाव डब्यासारखा उभ्या भिंतींचा खणू नका. पोकलेनवाल्याला उभी कड सोपी पडते, पण उभ्या कडेला ना गवत येतं, ना पाणपक्षी उतरतो, गुरं पाण्याला जाताना घसरतात आणि पोरं बुडतात. काठ लांबलचक उताराचा ठेवा, एखादा कोपरा, जिथं जुनं लव्हाळं-पाणवनस्पती आहेत, तो अजिबात हात न लावता सोडा, तिथूनच पुढच्या वर्षी सगळीकडं परत पसरतं. मधे एक-दोन ठिकाणी खोल डोह ठेवले की मे महिन्यात मासे आणि बाकी जीव तिथं तग धरतात.

खोदताना गाळ संपून मुरूम लागला की थांबा. पाझर तलाव असेल तर मुरूम उघडा पडल्यानं विहिरींना फायदाच, पण साठवण तलावात तळाची चिकणमाती हेच अस्तर असतं, ते फाडलं की पुढच्या वर्षी तलाव भरतो आणि दिवाळीला रिकामा, मग लोक म्हणतात गाळ काढल्यापासून पाणी टिकत नाही. पाळीच्या पायथ्याशी खोदकाम अजिबात नको, दगडी पिचिंगला धक्का नको, इथं हलगर्जीपणा झाला तर पाळ बसते. आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या २०१७ पासूनच्या योजनेतून करत असाल तर वाळू उपसा तिच्यात चालत नाही, नुसता गाळ. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर आधी वनखातं.

शेतात टाकताना हलक्या, मुरमाड रानालाच टाका, आधीच भारी काळी जमीन आहे तिथं अजून चिकण घालून निचरा बिघडवू नका. आधी बांध, मग गाळ, आणि नांगरून मिसळून घ्या. माती परीक्षण करून क्षार बघा. शहराचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येणाऱ्या तलावाचा गाळ असेल तर तपासल्याशिवाय भाजीपाल्याच्या रानात नको.

फरक पडतोय का

तळात दोन-तीन ठिकाणी लोखंडी पाईप किंवा दगडी खांब पक्का रोवून त्यावर रंगानं फूट-इंच मारा, आणि दर मे महिन्यात किती बुडाला ते ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. जूनमध्ये त्याच मिळण्यांवर परत बाटल्या भरा. पहिल्या वर्षी फार फरक दिसणार नाही, कारण ओढ्याच्या पात्रात आधीच साठलेली माती अजून खाली येत राहते, त्यावरून काम फसलं असं ठरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरड माल कमी व्हायला हवा, खड्ड्यातली वाळू कमी निघायला हवी. भरड कमी झाला पण चिकण तेवढाच येतोय असं दिसलं तर घळी नीट झाल्यात आणि रानं राहिलीत, आता शेतांकडं वळा. दोन्ही तसंच चालू असेल तर वर काहीतरी नवीन झालंय, रस्ता, खाण, प्लॉटिंग, नाहीतर एखादा बांध फुटलाय. परत पावसात बाटल्या घेऊन वर जा, आणि या वेळी ज्या फांदीवर काम झालं ती सोडून बाकीच्या आधी बघा.